एकाच टाकीचे तीन पीएच

धुळ्याच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. त्यांची २०० लिटरची समुद्री टाकी आठ महिन्यांची झाली. आत दोन क्लाउनफिश, आणि थोडे झोआ, मशरूम, एक लेदर असे मऊ म्हणजे सॉफ्ट कोरल. पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्लधर्मी की अल्कधर्मी, हे मोजणारं पेन मीटर सकाळी ७.७ आणि संध्याकाळी ७.९ दाखवतं. थेंबांचं किट संध्याकाळीच ८.३ दाखवतं. संपमध्ये, म्हणजे टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या वेगळ्या टाकीत, कायम बुडालेला कंट्रोलरचा प्रोब (पीएच मोजणारी कांडी) ८.०५ च्या आसपास असतो, पण मध्येच ७.९ वर उडी मारून परत येतो. पेनवर भरवसा ठेवून त्यांनी आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) महिनाभर पीएच वाढवायची पावडर टाकली. पीएच जागचा हलला नाही. केएच, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, मात्र ८ वरून १३ वर गेला आणि लेदर आठवडाभर मिटून बसलंय. विश्वास कोणावर ठेवायचा, असं ते विचारतात. आणि शेवटी जाता जाता लिहितात की, उकाड्यामुळे घरातली सहाही माणसं सध्या टाकीच्याच खोलीत एसी लावून झोपतात.

भाऊ, पावडर आजच बंद करा. बाकीचं निवांत बोलू. आणि ते शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहिलंत, पण निम्मं उत्तर त्यात आहे. त्याकडे नंतर येतो.

मी जळगावकडे माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. आमच्याकडे केळीवाले, कापूसवाले विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन येतात. अहवालात आम्ही ज्याला सामू म्हणतो तो हाच पीएच. त्यामुळे पीएच मीटरच्या काचेच्या इलेक्ट्रोडशी रोजचा संबंध, आणि घरी अकरा वर्षांपासून समुद्री टाकी. दोन्हीकडे एकच गोष्ट पाहिली. मीटरने चुकीचा आकडा दाखवला तरी नुकसान लगेच होत नाही. तो आकडा न तपासता माणूस औषध घालायला लागतो तेव्हा होतं.

आधी तुमचेच आकडे एकमेकांसमोर उभे करून बघू. समुद्राच्या पाण्यात पीएच, केएच आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हे तिघं एकमेकांना बांधलेले असतात. दोन कळले की तिसरा निघतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. केएच १३ आणि पीएच ७.७ दोन्ही खरे असतील, तर तुमच्या पाण्याला मिळणारी हवा बाहेरच्यापेक्षा पाच-सहापट कोंदट हवी, म्हणजे दोन हजार पीपीएमच्याही वर. सहा माणसांच्या बंद खोलीत पहाटे हे एक वेळ मानता येईल. पण संध्याकाळी, दिवसभर दारं उघडझाप झाल्यावर आणि टाकीचे दिवे आठ तास चालल्यावर ७.९? तिथे गणित बसत नाही. उलट किटचा ८.३ संध्याकाळसाठी या केएचला बऱ्यापैकी जुळतो. म्हणून माझा पहिला संशय पेनवर आहे. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, तेव्हा पेन तपासू.

तुम्ही लिहिलंय की, पेन आरओच्या पाण्यात ७ ऐवजी ६.२ दाखवतं, म्हणजे ते बिघडलंय. ही परीक्षा सोडून द्या. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, इलेक्ट्रोडला धरायला काही नसतं, त्यामुळे आकडा भटकत राहतो. शिवाय असं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून आपोआप आम्लधर्मी होतं. शुद्ध पाणी उघडं ठेवलं तर साडेपाच-सहाच्या घरात येतं. चांगलं मीटरसुद्धा तिथे ७ दाखवणार नाही.

खरी परीक्षा बफरच्या, म्हणजे पीएच आधीच ठरलेल्या द्रावणांच्या, पाकिटांची. तुमच्या पेनबरोबर तीन पाकिटं आली असतील: ४.०१, ६.८६ आणि ९.१८. तुम्ही म्हणता की, फक्त ६.८६ वर कॅलिब्रेट करता. म्हणजे तराजू रिकामा असताना काटा शून्यावर आणला, पण किलोचं वजन टाकून पाहिलंच नाही. इलेक्ट्रोडच्या टोकाच्या काचेच्या बल्बची ताकद त्या वजनानेच कळते. निरोगी इलेक्ट्रोड २५ अंशांना प्रत्येक पीएचमागे ५९ मिलिव्होल्टच्या जवळपास देतो. बल्ब म्हातारा झाला, कोरडा पडला किंवा त्यावर थर बसला की तो कमी देतो, आणि मग प्रत्येक आकडा ७ कडे ओढला जातो. ७ च्या जवळ चूक दिसत नाही. समुद्री टाकी ८ च्या पुढे, तिथे ती उघडी पडते.

तर ६.८६ वर पेन नीट बसवा, धुवा, आणि काही न बदलता ९.१८ मध्ये बुडवा. समजा, तिथे ते ८.६ दाखवतं. म्हणजे २.३२ चा फरक त्याला १.७४ एवढाच दिसतो, पंचाहत्तर टक्के. हेच पेन खऱ्या ८.२५ ला ७.९ म्हणेल आणि खऱ्या ८.० ला ७.७. आता तुमचे सकाळ-संध्याकाळचे आकडे पुन्हा वाचा. मी पेन पाहिलेलं नाही, त्यामुळे पैज लावत नाही. पण ९.१८ मध्ये ते साडेआठ-पावणेनऊच्या मधे अडकलं, तर टाकी सकाळी ८ आणि संध्याकाळी सव्वाआठ अशी चालली आहे, म्हणजे अगदी शहाण्यासारखी. दिवसा शेवाळ आणि कोरलमधली सूक्ष्म शैवालं कार्बन डायऑक्साइड खातात, रात्री सगळेच सोडतात, त्यामुळे पाव-अर्धा पॉइंट वरखाली होणारच.

पाकिटं बनवतानाच्या चुका मी स्वतः करून बसलोय, म्हणून सांगतो. पावडर मोजलेल्या २५० मिलि डिस्टिल्ड पाण्यातच विरघळवायची. आपल्याकडचं बोअरचं पाणी तर यासाठी हातातही धरू नका, त्यातला कडकपणाच बफर बिघडवतो. अंदाजे ‘एक पेला’ही चालणार नाही. माझी मोठी चूक वेगळीच होती. पहिल्या मीटरचं बटण ७.०० वर बसायचं आणि माझ्याकडे पाकीट ६.८६ चं. मी खुशाल त्या पाण्यात बटण दाबत होतो, त्यामुळे ते माझ्या दुसऱ्या मीटरपेक्षा कायम ०.१४ जास्त दाखवायचं. दोन महिने मी या दोन मीटरांमधल्या ०.१४ वर संशोधन केलं, स्किमर (हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणारं यंत्र) बदलला, वाळू उपसली आणि शेवटी तिसरं मीटर मागवलं. आई ओट्यापाशी मेथी निवडत म्हणाली होती, “पानी बरं शे रे भाऊ, तुनं यंत्रच बिघडेल शे.” यंत्रही बिघडलेलं नव्हतं, पण ती माझ्यापेक्षा जवळ होती.

१०.०१ चं तयार द्रावण वापरत असाल तर उघडलेली बाटली फार दिवस ठेवू नका. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खाली येतं आणि मग मीटर टाकीचा आकडा फुगवून सांगतं. ९.१८ बोरॅक्सचं असल्याने जास्त टिकतं. वापरलेलं द्रावण बाटलीत परत ओतायचं नाही, कितीही जीव तुटला तरी.

आता खान्देशातल्या मे महिन्याबद्दल. पुण्या-मुंबईचे टाकीवाले जे सांगतात त्यात हा भाग नसतो, कारण त्यांचं स्वयंपाकघर ४० अंशांवर जात नाही. बफरचा आकडा तापमानाबरोबर बदलतो. ९.१८ हा आकडा २५ अंशांचा आहे. ३५ ला तेच द्रावण ९.१० असतं. पाकिटाच्या मागे बहुधा तक्ता छापलेला असतो, तो पाहा. त्याहून सोपं म्हणजे दोन्ही बफर झाकणबंद लहान बाटल्यांत भरून अर्धा तास संपमध्ये तरंगत ठेवा. टाकी २६ वर, बफरही २६ वर, वादच मिटला.

पेनवर ‘एटीसी’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. ते फक्त इलेक्ट्रोडच्या मिलिव्होल्टचा हिशेब तापमानाप्रमाणे लावतं. टाकीवाल्यासाठी तो हिशेब तीन-चार शतांशांचा, फार नाही. पाण्याचा स्वतःचा पीएच मात्र तापमानाबरोबर खरोखर बदलतो: एक अंश वाढला की साधारण दीड शतांश उतरतो. तुम्ही टाकीचं पाणी ग्लासात काढून ओट्यावर ठेवलंत, फोन आला, बोलत बसलात आणि पाणी २६ वरून ३६ वर गेलं. पीएच दीड दशांश खाली, आणि मीटर बिचारं खरंच बोलतंय. म्हणून पेन टाकीतच बुडवून वाचा, आणि आकडा थांबेपर्यंत दोन मिनिटं तरी द्या.

पेन ठेवता कसं? टोपी कोरडी असेल किंवा टोपीत आरओचं पाणी भरत असाल तर दोन्हीने बल्ब मरतो. पोटॅशियम क्लोराइडचं साठवण द्रावण मिळतं, त्याचे पाच-सहा थेंब टोपीत कायम हवेत. बल्बवर पांढरा थर असेल तर दहा मिनिटं साध्या व्हिनेगरमध्ये बुडवा, धुवा आणि दोन तास साठवण द्रावणात ठेवून मग कॅलिब्रेट करा. फडक्याने घासायचं नाही, टिश्यू हलकेच टेकवून पाणी टिपायचं. एवढं करूनही ९.१८ मध्ये पेन नव्वद टक्क्यांपर्यंत पोचत नसेल तर ते गेलं. प्रोब हा टायरसारखा झिजणारा माल आहे, वर्ष-दीड वर्षाने बदलायचाच.

किटबद्दल थोडक्यात. टाकीचे निळे दिवे लागलेले असताना रंग जुळवू नका. निळ्या उजेडात जांभळी छटा खुलते आणि माणूस आपोआप वरचा आकडा वाचतो. दिवसा खिडकीपाशी, मागे पांढरा कागद धरून बघा. किट समुद्री पाण्याचं, म्हणजे ७.४ पासून वरचं आहे ना आणि मुदत संपलेली नाही ना, हेही पाहा. बाटल्या माळ्यावर पत्र्याखाली तापल्या असतील तर मुदत असूनही भरवसा नाही. किटवरून ‘आठच्या वर की खाली’ एवढंच विचारावं. ८.२ की ८.३, हे त्याचं काम नाही.

कंट्रोलरचा प्रोब उड्या मारतो ते प्रकरण वेगळं आहे. पाण्याचा पीएच असा क्षणात उडत नाही. २०० लिटर पाणी जड असतं. आकडा एका झटक्यात दीड दशांश पडून तसाच परत येत असेल तर ती बहुधा वीज असते. प्रोबमधून येणारा सिग्नल मिलिव्होल्टचा, आणि त्याच पाण्यात पंप, हिटर, वेव्हमेकर, चिलर अशी २३० व्होल्टची मंडळी बुडालेली किंवा जोडलेली. एखाद्याचं इन्सुलेशन थोडं जरी गळकं झालं तरी प्रोबला ते ऐकू येतं.

हे ओळखायला एक ग्लास पुरतो. टाकीचं पाणी काचेच्या ग्लासात घ्या, टाकीबाहेर ठेवा आणि वायर न काढता प्रोब त्यात बुडवा. ग्लासात आकडा शांत बसला आणि टाकीत नाचतो, तर वीज. मग एकेक उपकरण बंद करून मिनिटभर थांबा. हिटर वैशाखात बंदच असणार, म्हणून माझी पहिली शंका चिलर, दुसरी रिटर्न पंप. उड्या कोणत्या वेळी येतात तेही लिहून ठेवा. माझ्याकडे एका उन्हाळ्यात त्या नेमक्या वीज गेल्यावर यायच्या. इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरींचा होता.

अर्थिंगही बघून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो आणि अर्थ नावापुरता उरतो. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून फरक पडतो का पाहा. आणि हा भाग पीएचपेक्षा मोठा आहे: टाकीच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर या आठवड्यात बसवून घ्या, आणि तोवर पाण्यात हात घालताना सगळे प्लग काढा. वीज गळणारं उपकरण सापडलं तर ते बदलायचं. नुसता अर्थिंग प्रोब टाकून आकडा शांत करू नका, त्याने लक्षण लपतं आणि बिघाड तसाच राहतो.

प्रोब संपमध्ये नेमका कुठे आहे हेही तुम्ही लिहिलं नाहीत. डोसिंगची नळी शेजारी पडत असेल किंवा स्किमरचे बुडबुडे काचेला चिकटत असतील तर आकडा सरकतो. प्रोब अंधाऱ्या, वाहत्या जागी हवा.

आता त्या सहा माणसांकडे येऊ.

आमच्या घरी पूर्वी हॉलमध्ये कूलर असायचा. कूलरला खिडकी उघडी लागते, तो बाहेरची हवा आत ढकलतो, त्यामुळे खोलीतली हवा सारखी बदलत राहते. मग आम्ही एसी घेतला. दारं बंद, फटीत जुनी चादर कोंबलेली, आणि खान्देशातल्या घराघरातला नियम: एसी एकाच खोलीत, तर अख्खं घर गाद्या टाकून तिथेच. त्याच आठवड्यापासून टाकीचा पहाटेचा पीएच ८.१ वरून ७.८५ वर आला. मीटर दोनदा तपासलं, बरोबर होतं. खोलीतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला की टाकीचा पीएच साधारण पाव ते ०.३ ने उतरतो, आणि झोपलेल्या माणसांच्या बंद खोलीत तो दुप्पट व्हायला फार वेळ लागत नाही.

तुमची पावडर महिनाभर ‘लागू का पडली नाही’ याचं मला दिसणारं कारण हेच आहे. आखाजीपासून तुम्ही एका हाताने केएच चढवून पीएच दोन दशांश वर ढकलत होतात, आणि त्याच दिवसांत घर एसीच्या खोलीत शिफ्ट झालं, ते त्याला तेवढंच खाली ओढत होतं.

खात्री करायची असेल तर दोन ग्लास आणि एअर पंप घ्या. सकाळी उठल्याबरोबर टाकीचा पीएच वाचा. एका ग्लासात टाकीचं पाणी घेऊन त्याच खोलीत तासभर हवा सोडा. दुसरा ग्लास गच्चीवर किंवा गॅलरीत, सावलीत. हे सकाळी सातच्या आत उरका, नाहीतर पाणी तापून वर सांगितलेली गडबड होईल. मोजण्याआधी दोन्ही ग्लास संपच्या पाण्यात धरून २६ वर आणा. गच्चीवरचा चढला आणि खोलीतला नाही, तर दोष खोलीच्या हवेचा. दोन्ही चढले तर खोली ठीक आहे, टाकीत हवा कमी खेळते: पृष्ठभाग ढवळा, स्किमर साफ करा. दोन्ही जागचे हलले नाहीत तर पाणी हवेशी समतोलात आहे आणि तुम्ही उगाच काळजी करताय.

उपाय स्वस्त आहे. स्किमरच्या हवेची नळी लांब करून खिडकीबाहेर काढा. बाहेर ४४ अंश असले तरी तेवढ्या हवेने टाकी तापत नाही. मात्र तोंडाला धूळ गाळायला स्पंज लावा, आणि पावसाळ्यात डासांचा धूर मारायला गाडी आली किंवा शेजारच्या शिवारात कापसावर फवारणी सुरू झाली की नळी ताबडतोब आत घ्या. ती कीटकनाशकं कोळंबीला आणि खेकड्याला आधी मारतात. हे जमत नसेल तर पहाटे एसी बंद झाल्यावर तासभर दारं-खिडक्या सताड उघडा, तेवढ्यानेही बराच फरक पडतो. चुन्याच्या निवळीनेही पीएच चढतो, पण ती केएचही वाढवते, म्हणून तुमच्यासाठी सध्या नाही. आणि ती करायची झाली तर पानाचा चुना वापरून नाही, हे सांगून ठेवतो, कारण मला एकाने विचारलं होतं.

खरं तर तुमच्या सॉफ्ट कोरलना ७.९ ते ८.२ मध्ये काही त्रास नाही. पीएचची जास्त फिकीर सांगाडा बांधणाऱ्या दगडी कोरलवाल्यांना असते, आणि दगडी कोरल आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा त्या वाटेला जाऊच नका. लेदर मिटलंय ते माझ्या मते केएचच्या उडीने. अर्थात लेदर कात टाकतानाही आठवडाभर असं मिटून बसतं, त्यामुळे अंगावर मेणचट पापुद्रा दिसतोय का, ते पाहा.

केएच १३ मात्र खाली आणायला हवा, आणि त्याचं कारण पुढे आहे. पाऊस पडला की एसी बंद होईल, खिडक्या उघडतील, खोलीतला कार्बन डायऑक्साइड उतरेल. तेव्हा याच केएचवर संध्याकाळचा पीएच साडेआठकडे जाईल आणि कॅल्शियम पंपावर, चिलरच्या नळीत पांढरा होऊन बसायला लागेल. आमचे ठिबकवाले ज्या क्षारापायी नळ्यांतून आम्ल सोडतात, तोच हा. टाकीत मात्र आम्ल किंवा व्हिनेगर ओतून घाई करू नका. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, नव्या मिठाच्या पाण्याचा केएच ८ च्या आसपास आहे का ते आधी मोजा, आणि दिवसाला एका डीकेएचपेक्षा (केएचचं एकक) जास्त उतरू देऊ नका. तीन-चार आठवडे एकही बाटली-पावडर नको.

मला तीन आकडे कळवा: ६.८६ वर बसवल्यावर पेन ९.१८ मध्ये किती दाखवतं, कंट्रोलरचा प्रोब ग्लासात शांत बसतो का, आणि सकाळच्या दोन ग्लासांत तासाभराने किती फरक पडला. त्याआधी नवीन मीटर मागवू नका.